पाटल्या गहाण ठेवण्याआधी

वाचकाचे पत्र, थोडक्यात: कर्नाटकातील बेळगाव जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यातील एका गावातून चाळिशीकडे झुकलेल्या एका भगिनीने लिहिले आहे. गेले ८ महिने त्यांना पहाटे ३ वाजता जाग येते आणि मग डोळ्याला डोळा लागत नाही. चुलीपुढे बसल्या बसल्या कारण नसताना रडू येते, छातीत धडधडते, शिवायला आलेले कापड आठ-आठ दिवस तसेच पडून राहते. भजनाला जाणे सुटले आहे. पती बेळगावात उद्यमबागेतील एका कारखान्यात कामाला आहेत, मुलगा कॉलेजात आणि मुलगी आठवीत आहे. सौंदत्तीला जाऊन ओटी भरून झाली. बेळगावात एका खासगी मनोविकारतज्ज्ञांना एकदा दाखवले. दोन तास बसल्यावर पाच मिनिटांत गोळ्या लिहून मिळाल्या, त्या १० दिवस घेतल्या आणि गुण आला नाही म्हणून बंद केल्या. पुण्याच्या भाचीने ऑनलाइन थेरपी सुचवली आहे, पण तिचे तासाला १५०० रुपये पडतात. सरकारी दवाखान्यात सगळे कन्नडमध्ये चालते, तिथे ‘मनातलं कानडीत कसं सांगू?’ असे त्या विचारतात. पत्राच्या शेवटी लिहितात, ‘जीव नको झालाय. आईने दिलेल्या दोन पाटल्या आहेत. त्या गहाण ठेवून पुण्याची थेरपी सुरू करू का? आणि घरी काय सांगू?’

प्रिय ताई,

पाटल्या तूर्त हातातच राहू द्या. असे का म्हणते ते पुढे सविस्तर लिहिते, पण त्याआधी तुमच्या पत्रातील एका वाक्यापाशी मला थांबायचे आहे.

‘जीव नको झालाय’ असे आपल्याकडे बायका दिवसातून दहा वेळा म्हणतात. उन्हातून आल्यावर म्हणतात, धुण्याचा ढीग पाहून म्हणतात. तुम्ही ते कोणत्या अर्थाने लिहिले आहे हे मला पत्रावरून कळत नाही, म्हणून सरळ विचारते: थकून गेल्याचे ते बोलणे आहे, की आपण नसलेले बरे, आपल्याला काही करून घ्यावे, असा विचार खरोखरच मनात येतो? तसा विचार येत असेल, मग तो क्षणभर येऊन जाणारा का असेना, तर पुढचे सगळे वाचायला थांबू नका. आजच १४४१६ या क्रमांकावर फोन करा, आणि घरातील एका तरी माणसाला हे वाक्य त्याच्या खऱ्या अर्थासह सांगा. विचार फार जोरात असेल तर जवळच्या दवाखान्यात लगेच जा आणि एकट्या राहू नका. असे बोलल्याने मनात नसलेला विचार येतो ही समजूत चुकीची आहे. स्पष्ट विचारले आणि स्पष्ट सांगितले म्हणजे मनावरचा दाब थोडा उतरतो.

आता पाटल्यांचे. आठवड्याला एक तास धरला तर महिन्याचे ६००० आणि तीन महिन्यांचे १८,००० रुपये होतात, शिवाय गहाणाचे व्याज वेगळे. माझी खरी भीती वेगळीच आहे. तीन महिन्यांनी पैसे संपतील, तेव्हा कदाचित तुम्ही आईबद्दल, लग्नाबद्दल किंवा एखाद्या जुन्या दुःखाबद्दल नुकत्याच बोलू लागलेल्या असाल. अशा वेळी पैशापायी बोलणे तुटले तर माणूस पहिल्यापेक्षा जास्त एकटे पडते. शिवाय प्रत्येक तासाला मनगटाकडे लक्ष जाणार आणि ‘आज दीड हजाराचे काय झाले’ हा हिशेब मनात चालू राहणार. पुण्याच्या त्या थेरपिस्ट चांगल्याच असतील. फक्त तुमच्या वाटेवरचा तो पहिला दरवाजा नव्हे, एवढेच माझे म्हणणे आहे.

तुमच्या पत्रामागे एक गृहीतक दिसते: खासगीत पैसे टाकले की बोलणे मिळते, सरकारीत फक्त गोळ्या मिळतात. पण तुमचा स्वतःचा अनुभवच त्याच्या उलट आहे. पैसे मोजूनही तुम्हाला पाच मिनिटे आणि गोळ्याच मिळाल्या. त्या गोळ्यांविषयीही थोडे सांगितले पाहिजे. मी डॉक्टर नाही आणि तुम्हाला काय झाले आहे हे पत्रावरून ठरवणार नाही. तरी एवढे नक्की की नैराश्यावरील औषधांचा परिणाम जाणवायला साधारणपणे दोन ते चार आठवडे लागतात, आणि हे त्या पाच मिनिटांत कोणीतरी तुम्हाला सांगायला हवे होते. १० दिवसांत गुण आला नाही यावरून औषध निरुपयोगी ठरत नाही, तुम्ही तर मुळीच बिनइलाजाच्या ठरत नाही. ती जुनी चिठ्ठी जपून ठेवा आणि पुढच्या डॉक्टरांना दाखवा. स्वतःच्या मनाने त्या गोळ्या पुन्हा सुरू करू नका. सोबत थायरॉइड आणि हिमोग्लोबिन तपासून घेण्याविषयी विचारा, कारण या वयातील बाईच्या थकव्यामागे, धडधडीमागे आणि उदासीमागे कधी कधी तेही असते.

दुसरे गृहीतक शब्दांचे आहे. मनोविकारतज्ज्ञ हे वैद्यकीय डॉक्टर असतात, ते निदान करतात आणि औषध देतात. बोलण्यातून उपचार करण्याचे काम मुख्यतः चिकित्सा मानसशास्त्रज्ञ करतात. मनोविकार क्षेत्रातील समाजकार्यकर्ते घर, नातेसंबंध, काम आणि पैसा यांची गुंतागुंत सोडवायला मदत करतात. तुम्ही यांपैकी पहिल्यांनाच भेटलात आणि दुसऱ्यांची अपेक्षा घेऊन परत आलात. सरकारी जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या रचनेत ही तिन्ही माणसे एका पथकात धरलेली आहेत. हा कार्यक्रम देशात १९९६ साली सुरू झाला, आणि त्याचा नमुना आपल्याच राज्यातला, बळ्ळारी जिल्ह्यातला आहे. बेंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या राष्ट्रीय संस्थेने १९८५ पासून तिथे प्राथमिक आरोग्य केंद्रातूनच मनाचे उपचार देऊन पाहिले होते. मोठ्या शहरातल्या मोठ्या इस्पितळात गेल्याशिवाय हे काम होत नाही, ही समजूत इतक्या वर्षांपूर्वीच आपल्या राज्यात खोडून काढली गेली. आपल्या गावांपर्यंत ती बातमी पोहोचली नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते.

म्हणून पहिली पायरी तुमच्या तालुक्याच्या सरकारी दवाखान्याची. कर्नाटकात २०१४ पासून ‘मनोचैतन्य’ या नावाने तालुका रुग्णालयात ठरलेल्या मंगळवारी मनोविकारतज्ज्ञ येऊन रुग्ण तपासतात, अशी योजना आहे. खानापूरला कोणत्या मंगळवारी येतात हे आशाताईंना विचारा किंवा दवाखान्याच्या चिठ्ठीच्या खिडकीवर जाऊन विचारा. आशाताई गावातीलच असल्यामुळे संकोच वाटत असेल तर कारण सांगण्याची गरज नाही, ‘डोक्याच्या डॉक्टरांचा मंगळवार कधी?’ एवढे पुरे. चिठ्ठीची खिडकी सगळ्यांसाठी एकच असते. तुम्ही रक्तदाबासाठी रांगेत आहात की मनासाठी, हे मागच्या माणसाला कळत नाही.

तिथे सोय झाली नाही, किंवा नियमित बोलण्यासाठी कोणी नाही असे कळले, तर सुमारे २५ किलोमीटरवर बेळगावचे सिव्हिल आहे. ते सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाला, म्हणजे बिम्सला जोडलेले आहे आणि तिथे मनोविकार विभाग आहे. त्यापुढची जागा धारवाडची. धारवाडचे नाव काढल्यावर तुमच्या मनात काय येईल ते मला ठाऊक आहे, कारण ‘याला धारवाडला न्या’ हे आपल्या भागातले जुने टोचणे मीही लहानपणी ऐकले आहे. तिथे १८४५ मध्ये वेड्यांचे इस्पितळ निघाले हे खरे. आज तीच जागा डिम्हान्स या नावाने ओळखली जाते, मानसिक आरोग्य आणि मज्जाविज्ञान शिकवणारी ती स्वायत्त सरकारी संस्था आहे. झोप न लागणारी शिक्षिका, परीक्षेने घाबरलेला मुलगा आणि बाळंतपणानंतर खचलेली बाई अशांनी तिथल्या बाह्यरुग्ण विभागात जाण्यात कमीपणाचे काही नाही. भिंती जुन्या म्हणून टोमणाही जुनाच चालू ठेवावा, याला काही अर्थ नाही.

जाण्यायेण्याच्या खर्चाचेही पाहू. ११ जून २०२३ पासून शक्ती योजनेत कर्नाटकातील स्त्रियांना राज्य परिवहनच्या साध्या आणि वेगदूत बसमधून राज्याच्या हद्दीत फुकट प्रवास करता येतो. कर्नाटकातील पत्त्याचे आधार कार्ड जवळ असले की खानापूर ते बेळगाव किंवा बेळगाव ते धारवाड शून्य तिकिटात होते. मनाच्या उपचाराला महिन्यातून दोन-तीनदा जावे लागते. अनेकांचे उपचार फीपेक्षा बसभाड्यापायी सुटतात, म्हणून ही गोष्ट किरकोळ समजू नका.

आता तुमचा सर्वांत खरा प्रश्न: मनातले कानडीत कसे सांगायचे?

या प्रश्नाला मी ‘भाषेचे काय एवढे, डॉक्टर समजून घेतात’ असे उत्तर देणार नाही. ‘निद्दी बरंगिल्ल’, म्हणजे झोप येत नाही, एवढे बाजारच्या कानडीत तुम्ही सांगू शकाल, आणि त्यावर झोपेची गोळी मिळेलही. पण ‘जीव कशात लागत नाही’, ‘आतून पोकळ झाल्यागत वाटते’, ‘माहेरची वाट परकी झाली’ हे दुसऱ्या भाषेत नेताना वाटेतच सांडते. काही वर्षांपूर्वी मी एका नातलगाबरोबर एका दवाखान्याच्या बाकावर बसले होते. शेजारी एक आई आणि तिची बारा-तेरा वर्षांची मुलगी होती. मुलीला शाळेमुळे कन्नड येत होते, आईला येत नव्हते, आणि दार उघडेच असल्याने आतले बोलणे ऐकू येत होते. आई खालमानेने म्हणाली, ‘विहिरीवर गेलं की पाय तिथंच थांबतात.’ मुलगी थोडी गप्प राहिली आणि तिने कन्नडमध्ये डॉक्टरांना सांगितले, ‘आईला रात्री झोप येत नाही.’ त्या मुलीचा काही दोष नव्हता. एवढे ओझे तिच्या डोक्यावर ठेवायलाच नको होते. शेवटी माझ्या नातलगाने दारात जाऊन ते वाक्य डॉक्टरांना पुन्हा सांगितले आणि त्यांनी मुलीला बाहेर बसवून त्या आईशी हिंदीत सावकाश बोलणे सुरू केले.

तेव्हा ताई, तुमच्या आठवीतल्या मुलीला दुभाषी म्हणून नेऊ नका, शेजारणीलाही नेऊ नका. खिडकीवरच विचारा की मराठी बोलणारे डॉक्टर, परिचारिका किंवा समुपदेशक कोण आहेत. बेळगावात अशी माणसे सापडतात, फक्त आपण मागत नाही. विचारणे उद्धटपणाचे वाटत असेल तर ‘ननगे मराठियल्लि माताडबेकु’, म्हणजे मला मराठीत बोलायचे आहे, असे आदराने म्हणा. ज्याची भाषा आपण दोन शब्द बोलतो, तो माणूस आपल्यासाठी उठून कोणाला तरी बोलावून आणतो, हा आपल्या सीमाभागातला रोजचा अनुभव आहे. कायद्याचाही तुम्हाला आधार आहे. २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा २९ मे २०१८ पासून लागू आहे. उपचाराला संमती घेताना त्याचे फायदे, धोके आणि पर्याय रुग्णाला समजणाऱ्या भाषेत आणि समजेल अशा रीतीने सांगितले पाहिजेत, असे तो म्हणतो. त्याच्या १८व्या कलमाने परवडणारी आणि पोहोचता येईल अशी सेवा मिळणे हा प्रत्येकाचा हक्क ठरवला आहे, आणि दारिद्र्यरेषेखालील माणसाला, हातात तसे कार्ड नसले तरी, सरकारी ठिकाणी मोफत उपचार मिळायला हवेत असे त्यात लिहिले आहे. कायदा दाखवून भांडावे असे मी सुचवत नाही. आपण कोणाकडे उपकार मागत नाही आहोत, एवढे मनात ठेवून खिडकीपुढे उभ्या राहा.

शिवाय जाण्याआधी एक काम करा. मराठीतच, कोणालाही न दाखवता, एका कागदावर चार-पाच वाक्ये लिहा: कधीपासून, काय होते, कशाने वाढते, कोणती भीती वाटते, कोणते औषध किती दिवस घेतले. तुमच्या पत्रात तुम्ही हे फार नेमके लिहिले आहे. समोरच्या खुर्चीत बसल्यावर जीभ जड होते, तेव्हा हा कागद पुढे करता येतो. मराठी वाचता येणारे कोणीतरी त्या इमारतीत नक्की असते.

भाषेच्या अडचणीवर दुसरा उपाय टेली-मानसचा. मघाशी दिलेला १४४१६ हा क्रमांक त्याचाच आहे. ही केंद्र सरकारची सेवा १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली, ती दिवसरात्र चालते, पैसे पडत नाहीत आणि मराठीसह २० भाषांत बोलता येते. भाषा निवडायला सांगतील तेव्हा मराठी निवडा, दुसऱ्या भाषेत उत्तर आले तर ‘मला मराठीत बोलायचे आहे’ असे पहिल्याच वाक्यात सांगा. आधी प्रशिक्षित समुपदेशक बोलतात, गरज वाटल्यास ते तज्ज्ञांकडे जोडून देतात किंवा जवळच्या सरकारी केंद्राकडे पाठवतात. संकटकाळासाठीच हा फोन आहे असे समजू नका. घरातली माणसे कामाला आणि शाळेला गेल्यावर सकाळी ११ वाजता शिलाई मशीनजवळ बसून शांतपणे केलेला फोनही तिथे चालतो. एकदा जमले नाही, समोरच्याशी सूर जुळला नाही, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा करा.

सरकारी वाटेवर सगळे सुरळीत होईल असे सांगून मी तुमची फसवणूक करणार नाही. रांग असते. डॉक्टर बदलतात. मानसशास्त्रज्ञांची जागा एखाद्या ठिकाणी रिकामीही असते, आणि आठवड्याला तासभर बोलणे मिळेल असे नाही, तीन आठवड्यांनी अर्धा तास मिळेल. त्या अर्ध्या तासाचा उपयोग कसा होतो हे पुष्कळसे आपल्या तयारीवर असते. पहिल्याच भेटीत तीन गोष्टी विचारून घ्या: मला औषधाबरोबर बोलण्याचा उपचारही हवा आहे, तो इथे कोण करते? साधारण किती भेटी लागतील? पुढच्या वेळी हीच व्यक्ती भेटेल का, आणि कोणत्या वारी? मग स्वयंपाकघरातल्या भिंतीवरच्या दिनदर्शिकेत, जिथे तुम्ही दुधाचे लिटर लिहिता त्याच चौकोनात, रात्री किती तास झोप झाली तो आकडा रोज लिहा. घरात कोणी विचारणार नाही, आणि तीन आठवड्यांनी डॉक्टरांपुढे ‘काही फरक नाही’ म्हणण्याऐवजी तुम्ही ते पान पुढे करू शकाल.

छोट्या भेटींनी काय होणार, असे वाटेल. तुमच्या तालुक्याला लागून चोर्ला घाट उतरला की गोवा. तिथे ‘संगत’ या संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांत एक प्रयोग केला. मानसशास्त्राची पदवी नसलेल्या स्थानिक माणसांना प्रशिक्षण देऊन त्यांच्याकडून तीव्र नैराश्याच्या रुग्णांशी सहा ते आठ बैठकांत बोलणे करवले. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निष्कर्षांत नेहमीच्या उपचारांबरोबर या बैठका मिळालेल्यांना अधिक बरे वाटल्याचे आढळले. त्या बैठकांचा गाभा अगदी साधा होता: उदासीमुळे जी कामे सुटली आहेत, त्यांतील मनाला जवळची कामे छोटी करून ठरवून पुन्हा सुरू करायची, मन तयार होण्याची वाट पाहत बसायचे नाही. तुम्ही लिहिले आहे की भजनाला जाणे सुटले. पूर्ण भजन राहू द्या. या गुरुवारी फक्त हरिपाठाएवढा वेळ, दाराजवळ बसून, मग उठून या. हा उपचाराला पर्याय नाही, पण पहिल्या भेटीआधीच सुरू करता येणारा हा भाग आहे. सौंदत्तीची ओटीही त्याच ठिकाणी ठेवा. देवीला जाण्यात आणि दवाखान्यात जाण्यात भांडण नाही, फक्त एकाच्या भरवशावर दुसरे थांबवू नका.

तुमच्यासारख्या इतर वाचकांसाठीही थोडे लिहिते. निपाणीकडच्यांना कोल्हापूरचे सीपीआर हे सरकारी रुग्णालय आणि कागवाड-अथणीकडच्यांना मिरजेचे सरकारी रुग्णालय अंतराने जवळ पडते, आणि तिथे मराठीत बोलता येते. मात्र तिकडे जायचे तर दर भेटीला तिकडेच जावे, अर्धे इकडे अर्धे तिकडे करू नये. कॉलेजातील मुलांनी आधी आपल्या संस्थेत समुपदेशक आहेत का ते विचारावे. पैसे देऊन थेरपी घेणार असाल तर चिकित्सा मानसशास्त्रज्ञांची भारतीय पुनर्वसन परिषदेकडे नोंदणी आहे का हे विचारायला लाजू नका. चार दिवसांचा वर्ग करून पाटी लावलेल्यांपासून आणि ‘औषधे आजच फेकून द्या’ म्हणणाऱ्यांपासून लांब राहा. अनेक थेरपिस्ट काही जागा कमी फीच्या ठेवतात, पण विचारल्याशिवाय ते सांगितले जात नाही. ताई, पुण्याच्या बाईंनाही तुम्ही हे विचारू शकता. तीन महिने सरकारी वाट चालून पाहिल्यावर काही राहिले असे वाटले, तर महिन्याला एकच तास, घरखर्चातून झेपेल तेवढा, असा तो पर्याय खुला आहे, आणि त्याला सोने लागणार नाही.

राहिला शेवटचा प्रश्न, घरी काय सांगायचे. कायद्याने तुमच्या उपचाराची माहिती गुप्त ठेवण्याचा हक्क तुम्हाला आहे, तेव्हा सगळ्यांना सांगायची सक्ती नाही. पण पतींपासून लपवू नये असे मला वाटते, कारण त्यांच्याविषयी तुम्ही पत्रात एकही कडू शब्द लिहिलेला नाही, आणि पहाटे ३ वाजता तुम्ही जाग्या असता तेव्हा बहुधा त्यांनाही ते माहीत असते. ‘मला नैराश्य आले आहे’ या शब्दांनी सुरुवात केली तर ते घाबरतील किंवा उडवून लावतील. रविवारी ते घरी असतील तेव्हा दिनदर्शिकेतले आकडे दाखवा आणि म्हणा, ‘आठ महिने झाले, मला एवढीच झोप लागते. मंगळवारी खानापूरला दाखवायला जाते, तुम्ही एक दिवस रजा काढून सोबत याल का?’ त्यांनी रजा काढली तर बाहेरच्या बाकावर बसायला कोणी तरी असेल. नाही काढली, तरी सकाळच्या बसने आधार कार्ड, जुनी चिठ्ठी आणि तो कागद घेऊन तुम्ही जा.

तुमची,
सदरलेखिका